संशोधन केंद्रातील महिला संशोधकांसाठी प्रस्तावात नेमक्या कोणत्या सोयी मागाव्यात?

काचपात्र, सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरातील एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्राची विभागप्रमुख आहे. आमच्याकडे विद्यापीठाची मान्यता असलेले संशोधन केंद्र असून तेथे पीएच.डी. करणाऱ्यांमध्ये निम्म्याहून अधिक मुली व महिला आहेत. काही जणी पूर्णवेळ संशोधक आहेत व त्यांतील काहींना बार्टी किंवा सारथी या राज्य शासनाच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती मिळते. काही जणी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवत अर्धवेळ संशोधन करतात. दोघी कायम सेवेतील सहायक प्राध्यापिका असून पीएच.डी.वाचून त्यांची पुढची पदोन्नती अडली आहे.

महाविद्यालय विकास समितीच्या पुढील बैठकीसाठी 'महिला संशोधकांना साहाय्य' या विषयावर टिपण तयार करण्यास प्राचार्यांनी मला सांगितले आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीची तयारी हे त्यामागचे तात्कालिक कारण आहे, हे मी लपवत नाही. पण दार उघडे आहे तोवर काहीतरी ठोस पदरात पाडून घ्यावे, असा माझा विचार आहे. सहकाऱ्यांकडून आलेल्या पहिल्या सूचना अपेक्षेप्रमाणेच होत्या: महिला दिनी व्याख्यान, समुपदेशन कक्ष, 'सर्वोत्कृष्ट महिला संशोधक' पुरस्कार. यांत वाईट काहीच नाही, पण आमच्या केंद्रातून ज्या मुली मधेच थांबल्या त्यांतील एकही मुलगी पुरस्कार नव्हता म्हणून थांबलेली नाही.

एकीने गरोदरपणात डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रयोगशाळेत येणे बंद केले. ती परतली तेव्हा तिचे टेबल दुसऱ्याला दिलेले होते आणि तिच्या संयुगांच्या कुप्यांवरची नावे पुसट होऊन कोणती कुपी कोणती हेच कळेनासे झाले होते. दुसरीची तासिका तत्त्वावरील नेमणूक नव्या सत्रात झालीच नाही, आणि पगार थांबल्यावर शुल्क व रसायनांचा खर्च घरातून मागणे तिला जमले नाही. तिसरी लग्न होऊन हैदराबादला गेली व तिचे काम अर्धवट राहिले. तिचा अजूनही फोन येतो.

समितीकडे पैसा फार नाही. जुन्या तराजू-खोलीशेजारची एक खोली मिळू शकते. अशा परिस्थितीत सर्वांत आधी काय मागावे, कोणत्या गोष्टी नियमानुसार आपल्या हक्काच्या आहेत आणि कोणत्या केवळ महाविद्यालयाच्या इच्छेवर आहेत, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

निवृत्त मार्गदर्शक

मॅडम, आपण थांबलेल्या मुलींची कारणे लिहिलीत हे उत्तम केले, कारण टिपणाचा क्रम त्यावरूनच ठरायला हवा. माझी पहिली सूचना बिनखर्चाची आहे आणि ती वेळापत्रकाविषयी आहे.

आपल्या विषयातले काम तासातासाच्या तुकड्यांत होत नाही, हे समितीतील वाणिज्य शाखेच्या किंवा संस्थेच्या सदस्यांना ठाऊक नसते, म्हणून ते टिपणात सविस्तर लिहा. सिलिका भरून, हेक्झेन व इथाइल अॅसिटेटचे मिश्रण सोडून दुपारी दोनला लावलेला कॉलम (संयुग शुद्ध करण्याची काचेची नळी) पाच वाजता जेमतेम अर्ध्यावर आलेला असतो. तो तसाच टाकून गेले तर सिलिका कोरडी पडून तिला तडे जातात, पट्टे एकमेकांत मिसळतात आणि महिनाभर खपून तयार केलेले संयुग पुन्हा अशुद्धच्या अशुद्ध हाती येते. जिला अकरा ते बारा एक तास, मग तीनला प्रात्यक्षिक आणि साडेपाचला मुलाला आणायला जायचे आहे, ती बाई कॉलम लावतच नाही. ती फक्त 'आज नको, उद्या बघू' म्हणते आणि असे सत्र निघून जाते. पुढे तिच्या सहामाही अहवालावर 'प्रगती असमाधानकारक' असा शेरा पडतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असते. ते कमी करा, असे मी म्हणत नाही. ते चार दिवसांत बसवा आणि दोन दिवस सबंध मोकळे द्या. मी विभागात असताना वेळापत्रक समितीशी भांडून हे एका सत्रापुरते करून घेतले होते. तेवढ्यात दोघींची जेवढी संयुगे तयार झाली, तेवढी त्याआधी वर्षभरात झाली नव्हती.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. डायमिथाइल फॉर्मामाइड हे आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे द्रावक गर्भाला अपायकारक मानले जाते. टोल्युइनबाबतही तशीच शंका आहे. प्राणिशास्त्राच्या संग्रहालयातील फॉर्मेलिनची वाफ कोणालाच चांगली नाही. बाई 'बातमी' सांगेल तेव्हा काळजी घेऊ, ही पद्धत चुकीची आहे, कारण तिला स्वतःला कळण्याआधीचे आठवडेही नाजूक असतात. म्हणून प्रत्येक संशोधकाला, पुरुषांनाही, नोंदणीच्या दिवशीच त्या त्या रसायनाची सुरक्षा-माहितीपत्रके द्यावीत आणि फ्यूम हूडचा, म्हणजे अपायकारक वाफा बाहेर टाकणाऱ्या कपाटाचा, पंखा खरोखर हवा ओढतो का, हे सत्रारंभी तपासून तारखेसह नोंदवावे. पंख्याचा आवाज येतो म्हणजे तो चालतो, असा आपल्याकडे समज आहे. समोर कागदाची पट्टी धरून पाहावी, ती आत ओढली गेली नाही तर तो हूड म्हणजे केवळ काचेचे कपाट आहे.

गरोदर संशोधकाने लेखी कळवले की त्याच दिवसापासून तिचे ओले काम, म्हणजे रसायने हाताळण्याचे काम, दुसऱ्याच्या हाती जावे आणि तिने वर्णपटांचे वाचन, संगणकीय गणने व प्रबंधाची प्रकरणे यांवर काम करावे, अशी ठरलेली व्यवस्था हवी. मार्गदर्शकाच्या मर्जीवर ते सोडू नये. तिचे टेबल, तिचे फ्रीजमधले खण आणि तिची प्रयोगवही ती परत येईपर्यंत तिच्याच नावावर राहावी. पहिल्या मुलीचे जे झाले ते टाळायला एक कुलूप, एक नोंदवही आणि पुसली न जाणारी चिठ्ठी एवढे पुरेसे आहे.

आस्थापना शाखा

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात बरीच वर्षे आस्थापनेचे काम पाहतो. मॅडमनी हक्काचे काय असे विचारले आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

आपल्या संशोधक महिलांचा घोटाळा असा होतो की त्यांचे दोन मालक असतात: नोकरी महाविद्यालयाची आणि नोंदणी विद्यापीठाची. महाविद्यालयाने प्रसूती रजा मंजूर केली म्हणजे पीएच.डी.चे घड्याळ थांबले, असे त्यांना वाटते. विद्यापीठाला मात्र त्याचा पत्ताच नसतो. आयोगाच्या पीएच.डी.विषयक विनियमांत महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा देण्याची तरतूद २०१६पासून आहे आणि नोव्हेंबर २०२२च्या विनियमांतही ती कायम आहे. ती रजा विद्यापीठाकडे, मार्गदर्शक व संशोधन केंद्रामार्फत, स्वतंत्र अर्ज करून मागावी लागते. शिवाय प्रवेशापासून सहा वर्षे, पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन, आणि महिलांना त्याउपर दोन, अशी जास्तीत जास्त दहा वर्षांची मर्यादा २०२२च्या विनियमांत आहे. ही वाढीव दोन वर्षे आणि २४० दिवसांची रजा या दोन वेगळ्या तरतुदी आहेत. एक घेतली म्हणून दुसरी संपत नाही. अधिछात्रवृत्ती असेल तर ती देणाऱ्या संस्थेलाही तिसरा अर्ज करावा. प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.

नोकरीच्या बाजूने पाहता, मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा केली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली. हा आकडा एकूण कर्मचाऱ्यांचा आहे, महिला कर्मचाऱ्यांचा नाही. आपल्याकडे एवढ्या बायका कुठे आहेत, असे उत्तर मी स्वतः बैठकांत ऐकले आहे.

करारावरच्या नेमणुकांबाबत, दिल्लीतील एका करारावरील डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३मध्ये असे ठरवले की कराराची मुदत मधेच संपली तरी मातृत्व लाभ पूर्ण कालावधीसाठी द्यावा लागेल. तासिका तत्त्वाची कागदपत्रे वेगळ्या धाटणीची असतात, त्यामुळे हा निर्णय जसाच्या तसा लागू करून घेणे सोपे नाही. पण प्राचार्यांसमोर ठेवायला तो भक्कम आहे.

आता सर्वांत उपयोगाची गोष्ट. अर्धवेळ पीएच.डी.साठी उमेदवाराच्या नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि २०२२च्या विनियमांप्रमाणे त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात: अर्धवेळ अभ्यासास परवानगी आहे, तिच्या कार्यालयीन कर्तव्यांतून संशोधनास पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि आवश्यक असल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.च्या आरंभीच्या अभ्यासक्रमासाठी) तिला कार्यमुक्त केले जाईल. म्हणजे पुरेसा वेळ मिळेल, असे महाविद्यालयाने सही-शिक्क्यानिशी आधीच लिहून दिलेले आहे. निवृत्त मॅडमनी मागितलेले दोन मोकळे दिवस हे उपकार म्हणून मागू नका. त्या प्रमाणपत्राची प्रत टिपणाला जोडा आणि त्याची अंमलबजावणी म्हणून मागा. ते प्रमाणपत्र बहुतेकींच्या फायलीत पडून असते आणि त्यावर काय लिहिले आहे, हे सही करणाऱ्यालाही आठवत नसते.

बार्शी–सोलापूर

मी पूर्णवेळ संशोधक आहे आणि बार्शीहून ये-जा करते. मुलगा दीड वर्षाचा आहे. ज्येष्ठांनी जे लिहिले ते पटले. मला रोज जे दिसते तेवढे जोडते.

आमच्या केंद्रात स्तनदा मातांसाठीचा हिरकणी कक्ष आहे. उद्घाटनाचा फलक आहे, खुर्ची आहे, पडदाही आहे. किल्ली मात्र कार्यालयात असते आणि ती मागायला गेले की तेथील गृहस्थ 'कशाला हवी' असे विचारतात. मी एकदाच मागितली. नंतरच्या परीक्षेत तेथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवले गेले आणि आता ती भांडारखोली आहे. मॅडम, तराजू-खोलीशेजारची खोली मिळाली तर तिची किल्ली महिला संशोधकांकडेच ठेवा, आणि हात धुण्याची जागा व एक लहान फ्रीज तेथे असू द्या. रसायनांच्या फ्रीजमध्ये दूध ठेवता येत नाही, हे सांगावे लागू नये. पण ठेवलेले मी पाहिले आहे.

दुसरे, संशोधन सल्लागार समितीसमोर दर सत्रात सादरीकरण करावे लागते. त्याची वेळ सकाळी अकराची कळवतात, बाहेरचे तज्ज्ञ जेवणानंतर येतात आणि माझा क्रमांक संध्याकाळी लागतो. लांबून येणाऱ्यांना आधी घ्यावे, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ आहे. नमुने तपासायला पुण्याला जायचे असते तेव्हा पहाटे सोलापुरात हजर राहून हुतात्मा एक्सप्रेस गाठायची आणि रात्री उशिरा परतायचे, हे बार्शीकरांना एका दिवसात जमत नाही; म्हणून सोलापुरात एक रात्र राहण्यासाठी महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात अतिथी खोली मिळावी. आमच्या गटातील मुलगे त्यासाठी मित्राच्या खोलीवर जाऊन पडतात, त्यामुळे हा प्रश्न आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरे लिहावे की नाही, असा विचार करत होते. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या समितीचा फलक आमच्याकडे जिन्याखाली आहे आणि त्यावरची दोन नावे बदलून गेलेल्या प्राध्यापकांची आहेत. मार्गदर्शकाविरुद्ध तक्रार करणे म्हणजे चार वर्षांचे काम पणाला लावणे असते, हे प्रत्येकीला ठाऊक असते, म्हणून कोणी तेथवर जातच नाही. समिती आहे का, हा माझा प्रश्न नाही. तक्रार केलीच तर मार्गदर्शक बदलून मिळेल का आणि माझे आधीचे काम माझेच राहील का, हे मला आधी कळायला हवे.

आस्थापना शाखा

ताई, आयोगाचे लैंगिक छळ प्रतिबंधाचे २०१५चे विनियम विद्यार्थिनी व संशोधक यांनाही लागू आहेत. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर अंतर्गत समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी असावे लागतात, किमान निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात, आणि कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरील व्यक्तींना सदस्य होता येत नाही. म्हणजे मॅडम स्वतः विभागप्रमुख असल्याने त्यांना या समितीवर घेऊ नये. तक्रार तीन महिन्यांत करायची असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशीच्या काळात प्रतिवादीने तक्रारदाराच्या कामाचे मूल्यमापन करू नये, अशी शिफारस समिती करू शकते. मार्गदर्शक बदलण्याचा ठराव मात्र विद्यापीठाच्या पातळीवर होतो, म्हणून तशी शिफारस किती दिवसांत विद्यापीठाकडे पाठवली जाईल, हे टिपणात लिहून घ्यावे.

सांख्यिकी

मी पुरुष आहे आणि अनेक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो, त्यामुळे माझे म्हणणे कदाचित रुचणार नाही. मोकळे दोन दिवस, रसायनांची माहितीपत्रके, वेळेवर सादरीकरण या सोयी सर्वांनाच हव्यात. त्यांवर 'महिला' अशी चिठ्ठी लावली की दोन गोष्टी होतात. एक तर माझ्यासारखे लोक त्या मागण्यांच्या मागे उभे राहत नाहीत. दुसरे म्हणजे, ज्या मार्गदर्शकाकडे मोजक्याच जागा आहेत, तो पुढच्या वेळी मुलगी घेताना दहादा विचार करतो. नव्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि प्राध्यापकाला आठ विद्यार्थी घेता येतात. त्यांतील दोन रजेवर गेले की त्याचे शोधनिबंध अडतात आणि त्याची स्वतःची पदोन्नती लांबते. हा हिशेब कोणी उघड बोलत नाही, पण प्रत्येक जण करतो. मार्गदर्शकाच्या नुकसानीचा विचार न करता केलेला प्रस्ताव कागदावरच राहील.

निवृत्त मार्गदर्शक

सर, पहिला मुद्दा अर्धा मान्य. कॉलम पुरुषाचाही कोरडा पडतोच, त्यामुळे वेळापत्रकाची मागणी सर्व संशोधकांसाठी करावी, हे योग्य. प्रसूतीची रजा मात्र सर्वांची कशी करणार?

दुसरा मुद्दा मी अधिक गांभीर्याने घेते. मुलाखतीत मुलींना लग्नाचा बेत विचारला जातो आणि मुलांना विचारला जात नाही, हे मी समितीत बसून पाहिले आहे. म्हणजे आपण म्हणता तो हिशेब सोयी नसतानाही चालूच होता. त्यावर एक उपाय महाविद्यालयाच्या हातात आहे. संशोधक रजेवर असेल त्या काळापुरता, केंद्राच्या निधीतून पदव्युत्तर झालेला एक प्रकल्प साहाय्यक ठेवावा. त्यामुळे मार्गदर्शकाचे काम थांबत नाही आणि परतणाऱ्या मुलीला तयार नमुने मिळतात. खर्च आहे, पण तो मोजता येण्याजोगा आहे आणि विकास समितीला समजेल असा आहे.

मार्गदर्शकाच्या वयाचाही विचार करा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्याला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, पण जुने विद्यार्थी असतात आणि मुलीची दोन वर्षे लांबली की गाईड निवृत्त होतो. रजेवर जातानाच सहमार्गदर्शक नेमून घेतला, तर नंतरची धावपळ वाचते.

जुनी गिरणी

मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असून माझा विषय सोलापूरच्या गिरणी कामगार स्त्रिया हा आहे. पाळणाघराची चर्चा वाचून राहवले नाही.

मुंबई इलाख्यात कारखान्यांतील स्त्रियांसाठी मातृत्व लाभाचा कायदा १९२९ साली झाला. त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८मध्ये कायदेमंडळात बोलले होते. सोलापूर इलाख्यातच असल्याने येथील गिरण्यांनाही तो लागू होता. पुढे १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम ४८ने कारखान्यात पाळणाघर ठेवणे बंधनकारक केले. आरंभी ५० स्त्री-कामगारांची अट होती, १९७६च्या दुरुस्तीने ती ३०वर आली. त्याआधीच्या काळात इलाख्यातील गिरणी कामगार स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात, याच्या नोंदी तत्कालीन अहवालांत आहेत. माझी आजी रीळ खात्यात होती. ती सांगे की दुपारी दूध पाजायला सुट्टी मिळे आणि पाळणाघरातली बाई नाव न विचारता नेमके मूल उचलून हातात देई.

म्हणजे रीळ खात्यातील बाईला जे कायद्याने १९४८ साली मिळाले, ते तिच्या नातीला संशोधन केंद्रात २०१७नंतरही भांडून मागावे लागते. यात महाविद्यालयांनी लाज वाटून घ्यावी असे आहेच, पण एक सावधगिरीही आहे. गिरणीतील पाळणाघर स्त्री-कामगारांच्या संख्येवर अवलंबून होते, त्यामुळे संख्या त्या आकड्याच्या खाली ठेवणे मालकाच्या फायद्याचे होते. रात्री स्त्रियांना कामावर ठेवण्याची बंदीही त्याच कायद्यात होती. 'मुलींनी सहानंतर प्रयोगशाळेत थांबू नये' हा आपल्याकडचा अलिखित नियम मला तिचाच नातेवाईक वाटतो. मुलींना बाहेर काढण्यापेक्षा रखवालदार, दिवे आणि घरी सोडणारी गाडी यांची सोय करणे अवघड नाही.

पाळणाघर एकट्या महाविद्यालयाला परवडत नसेल, तर दोन-तीन शेजारच्या संस्थांनी मिळून चालवावे. इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन ही संस्था १९७३ साली स्थापन झाली आणि नवी मुंबईत वाशी येथे तिने नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह व पाळणाघर चालवले. वैज्ञानिक स्त्रियांनी सभा-संमेलनांबरोबर पाळणाघर हेही आपले काम मानले, यातच सगळे आले.

काचपात्र, सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. आज प्राचार्यांना भेटून आले. ना हरकत प्रमाणपत्राची प्रत पुढे ठेवल्यावर त्यांनी ती दोनदा वाचली आणि वेळापत्रकाची मागणी विकास समितीपर्यंत न नेता स्वतःच्या अधिकारात पुढील सत्रापासून मान्य केली, सर्व संशोधक-शिक्षकांसाठी. 'सांख्यिकी' यांचा आक्षेप तेवढ्यापुरता निकालात निघाला, असे मानते.

टेबल राखून ठेवणे, काम बदलून देणे आणि सहमार्गदर्शक या तीन गोष्टी संशोधन केंद्राच्या नियमावलीत घालत आहे, कारण त्यांना पैसा लागत नाही. पैशाच्या मागण्या दोनच ठेवल्या आहेत: फ्यूम हूडची दुरुस्ती आणि रजेच्या काळातील प्रकल्प साहाय्यक. पाळणाघरासाठी शेजारच्या दोन महाविद्यालयांच्या प्राचार्यांना पत्र जात आहे. तोवर तराजू-खोलीशेजारची खोली, फ्रीज व हात धुण्याची जागा यांसह, संशोधक महिलांच्या ताब्यात देत आहे. समुपदेशन कक्षाचा मुद्दा मी वगळला, त्याबद्दल एक सहकारी नाराज आहेत. त्यांचेही म्हणणे चूक नाही, पण पहिल्याच वर्षी सर्व काही मागितले तर समिती स्वस्तातले निवडते आणि बाकी पुढे ढकलते.

एक प्रश्न उरतो. हैदराबादला गेलेल्या मुलीचे काही करता येईल का? तिची नोंदणी अजून रद्द झालेली नाही.

आस्थापना शाखा

करता येईल. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करणाऱ्या महिला संशोधकाला आपली संशोधन-सामग्री नव्या संस्थेत नेण्याची मुभा विनियमांतच आहे. दोन अटी महत्त्वाच्या आहेत: ते काम मूळ संस्थेने किंवा मार्गदर्शकाने कोणत्याही निधी-संस्थेकडून मिळवलेल्या प्रकल्पाचा भाग नसावे, आणि तोवर झालेल्या कामाचे श्रेय मूळ संस्था व मार्गदर्शक यांना प्रबंधात दिले जावे. तिने प्रथम हैदराबादमधील संस्थेत जागा रिक्त असलेला मार्गदर्शक शोधावा, त्यांचे संमतिपत्र घ्यावे आणि मग आपल्या विद्यापीठाकडे केंद्रामार्फत अर्ज करावा. आपल्याकडून मार्गदर्शकाचे पत्र, कोर्सवर्कचे प्रमाणपत्र, आजवरचे प्रगती अहवाल आणि प्रयोगवह्यांच्या साक्षांकित प्रती द्याव्या लागतील. मूळ वह्या कोणाकडे राहतील, हे त्याच पत्रात लिहा.

स्थलांतर जमलेच नाही, तर केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना तिला सांगा. खंड पडलेल्या महिलांना संशोधनात परत आणणे हा तिचा एक उद्देश आहे आणि तिच्यात पीएच.डी.साठीही स्वतंत्र घटक आहे. त्या अर्जाला संशोधन जेथे होणार त्या संस्थेची लेखी संमती लागते. हैदराबादमधील संस्था मिळाली नाही तर ती संमती आपले महाविद्यालय देऊ शकते का, हे विकास समितीच्या याच बैठकीत विषय म्हणून घालून घ्या. विषयपत्रिका निघण्यापूर्वी दिले तर वेगळी बैठक बोलवावी लागणार नाही.